घराच्या नकाशात आतल्या दारांची जागा कशी ठरवावी

आतल्या दारांची जागा ठरवण्यापूर्वी नकाशावर पलंग, कपाटे, फ्रीज आणि जेवणाचे टेबल खऱ्या मापाने मांडून घ्यावे. बहुतेक वेळा हे काम उलट्या क्रमाने होते: आधी दारे ठरतात आणि उरलेल्या भिंतीत सामान कोंबले जाते. नाशिकमध्ये पाथर्डी फाटा किंवा मखमलाबाद परिसरात मध्यम आकाराच्या प्लॉटवर बंगला किंवा रो-हाऊस बांधताना खोल्या साधारण दहा बाय बाराच्या आसपास बसतात, आणि एवढ्या खोलीत एका चुकीच्या दाराने अख्खी भिंत वाया जाते.

दहा फुटी भिंतीच्या मधोमध तीन फुटांचे दार ठेवले, तर दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट भिंत उरते आणि तिथे धड पलंगही लागत नाही, धड मोठे कपाटही नाही. तेच दार कोपऱ्यापासून चार इंच सोडून घेतले, तर सहा फूट आठ इंचांची सलग भिंत हाती येते. हे चार इंच मात्र सोडावेतच, कारण चौकट, गिलावा आणि बिजागरी यांना तेवढी जागा लागते. कोपऱ्यात कॉलम खोलीत डोकावत असेल, तर माप कॉलमच्या कडेपासून धरावे.

कोपऱ्यातल्या दाराची बिजागरी सहसा जवळच्या भिंतीच्या बाजूला ठेवावी, म्हणजे उघडलेली झडप त्या भिंतीला टेकते आणि खोलीत शिरताना आड येत नाही. पण त्याच भिंतीला कपाट करायचे असेल, तर उघडे दार कपाटासमोर उभे राहते आणि दोन्ही एकाच वेळी उघडता येत नाहीत. अशा वेळी कपाट झडपेच्या टप्प्यापलीकडे सुरू करावे, किंवा दार कोपऱ्यापासून सव्वादोन फूट दूर घ्यावे, म्हणजे दोन फूट खोल कपाट चौकटीच्या अलीकडे बसते, आणि बिजागरी विरुद्ध बाजूला न्यावी. माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण दुसऱ्यात दाराच्या भिंतीची लांबी पुन्हा कमी होते.

बेडरूमला आत येण्याचे, बाथरूमचे आणि बाल्कनीचे अशी तीन दारे असतात, तेव्हा अधिक विचार करावा लागतो. दोन दारांमधली जमीन ही चालण्याची वाट असते आणि तिथे सामान ठेवता येत नाही. प्रवेशाचे आणि बाथरूमचे दार खोलीच्या एकाच कडेला घेतले, तर तीन फुटांची पट्टी वाटेत जाते आणि उरलेली खोली शांत राहते. समोरासमोरच्या कोपऱ्यांत घेतले, तर वाट पलंगाच्या पायथ्यावरून तिरकी जाते.

बैठकीच्या खोलीत बसलेल्या पाहुण्याला पलंग किंवा संडासाचे दार थेट दिसू नये, म्हणून बेडरूमची दारे छोट्या पॅसेजमध्ये वळवावीत. नाशिककरांच्या घरी सिंहस्थाच्या काळात नातेवाइकांची वर्दळ असते, तेव्हा पाहुण्यांना कोणाच्याही बेडरूममधून न जाता एका बाथरूमपर्यंत पोहोचता आले पाहिजे.

हवेचा विचारही दारावरच येऊन थांबतो. पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची खिडकी आणि तिच्या समोरच्या बाजूचे दार अशी जोडी साधली, तर वारा खोलीतून आरपार जातो. रात्री दार बंद राहणार असेल, तर दाराच्या वर उघडता-मिटता येणारा झरोका ठेवावा. नाशिकचा हिवाळा मात्र कडक असतो. रो-हाऊसमध्ये जिना थेट हॉलमधून वर जात असेल, तर उबदार हवा वर निघून जाते, म्हणून जिन्याच्या तोंडाशी दार बसवता येईल एवढी भिंत सोडून ठेवावी.

घरात वृद्ध असतील, तर त्यांच्या खोलीचे आणि बाथरूमचे दार किमान तीन फुटांचे घ्यावे. चौकटीची लाकडे आणि झडपेची जाडी वजा जाता प्रत्यक्ष वाट अडीच फुटांच्या आसपासच उरते, आणि चाकाच्या खुर्चीला त्याहून कमी जागा पुरत नाही. त्यांच्या बाथरूमचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: आतली व्यक्ती घसरून दाराला टेकून पडली, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. बाहेर उघडणारी झडप पॅसेजमधल्या दुसऱ्या दाराला धडकणार नाही, एवढे तपासावे.

दिव्याचे बटण कडीच्या बाजूला यावे, झडपेमागे नव्हे; त्यामुळे दार उघडण्याची दिशा वायरिंगच्या आधी पक्की झालेली असावी.

जोत्याचे काम झाल्यावर आणि भिंती उठण्यापूर्वी जमिनीवर चुन्याने भिंती, दारे आणि झडपांचे फेर आखून घ्यावेत. स्वयंपाकघरातून ताट घेऊन जेवणाच्या जागेपर्यंत आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत घरातल्या सर्वांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, चालून पाहावे. जे बदल सुचतील ते आर्किटेक्टकडून नकाशात करून घ्यावेत, आणि प्रत्येक दाराची रुंदी, बिजागरीची बाजू व उघडण्याची दिशा लिहिलेला एकच कागद गवंडी, सुतार आणि इलेक्ट्रिशियन या तिघांच्याही हाती द्यावा.