संत्र्याच्या बागेत रोग शोधावा कसा?

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडे बागेची पाहणी म्हणजे बहुतेकदा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मारलेली एक नजर. पण झाड धुऱ्यावरून पिवळं दिसेपर्यंत डिंक्यानं (खोडातून डिंक गळवणारा बुरशीचा रोग) मुळं खाल्लेली असतात. म्हणून जवळ जाऊन, झाडागणिक पाहा.

आधी वहीत बागेचा नकाशा काढा: ओळीला एक क्रमांक, झाडाला एक. 6 बाय 6 मीटरवर एकरी साधारण 110 झाडं बसतात. तेवढी दोन सकाळीत पाहून होतात. नांगे पडलेल्या, म्हणजे झाड मरून रिकाम्या राहिलेल्या जागाही मांडा, रोग कुठून सरकला ते त्यांवरूनच उमगतं.

मग खोड. पावसाळ्यात उघडीप मिळाली की वाकून गुडघ्यापर्यंतचं खोड चारही बाजूंनी बघा. डिंकाचे ओघळ पावसानं धुऊन जातात, त्यामुळे सर येऊन गेल्याबरोबर पाहिलं तर फसायला होतं. कलमाचा डोळा, म्हणजे कलम बांधलेली जागा, मातीत दबलाय का, तेही बघा. शंका आली तर नखाएवढी साल खरवडा. आतून हिरवट-पांढरी असेल तर ठीक. तपकिरी आणि ओलसर असेल तर झाडावर खूण करा. दुसऱ्या झाडाला लावण्याआधी सुरी स्पिरिटनं पुसा, हे कधीच टाळू नका.

घेराखाली वीतभर उकरून तंतुमुळं चिमटीत ओढा. कुजलेल्या मुळाची साल हातात येते, मागे दोऱ्यासारखा गाभा उरतो.

हिवाळ्यात पानांकडे वळा. पिवळं पान दिसलं की लगेच झिंक (जस्त) फवारतात, तिथं घाई नको. मधल्या शिरेच्या एका बाजूला पेनानं गोल काढा, समोर तेवढाच दुसरा. दोन्ही गोलांत सारखाच पिवळेपणा असेल तर बहुधा जस्ताची कमतरता. एकात पिवळं ठिगळ आणि दुसऱ्यात हिरवं असेल, त्यातही एखादीच फांदी पिवळी असेल, तर ग्रीनिंगचा संशय धरा. हा रोग सायला कीड पसरवते; नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, तिची पिल्लं आणि पांढरे मेणचट धागे शोधा.

तरी डोळ्यांनी फक्त संशय येतो. ग्रीनिंगची खात्री पानांच्या पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या) तपासणीनं होते, डिंक्याची माती आणि मुळं तपासून. नागपुरात अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आहे, तिथं विचारा. नमुन्यावर झाडाचा क्रमांक लिहा आणि तो उन्हात ठेवू नका.

शेवटी नकाशा समोर घ्या. डिंक्याच्या खुणा पाटाच्या पाण्यासोबत खाली उतरताना दिसल्या, तर आधी पाण्याची वाट बदला, कारण त्या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतच पुढच्या झाडाला गाठतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच नकाशावर दुसऱ्या रंगाच्या शाईनं खुणा करा.