नाचणी बिस्किटाचा पुडा आधी उलटा करा
पुढच्या बाजूचं चित्र बघून भुलू नका, कणसं काय कुणीही छापतं. मागची घटकांची यादी वाचा, एफएसएसएआयच्या (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नियमाने ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहावं लागतं, म्हणजे पहिलं नाव मैदा आणि मग साखर, पामतेल असं असेल तर समजून जा. पुढे नाचणी मोठ्या अक्षरात मिरवली असेल तर यादीत तिचा टक्काही द्यावा लागतो, मी परवा एकावर बघितला तर फक्त ४%, म्हणजे नाचणी नुसती दृष्ट काढण्यापुरती!! आणि हो, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज हीपण साखरेचीच भावंडं, लेबलवर दिवसाचा हिशोब ॲडेड शुगर, म्हणजे वरून घातलेली साखर, ५० ग्रॅम धरून मांडलेला असतो, त्यात चहातली साखरही मोजा.