सिगारेट सोडताना शिथिलीकरण फसते कुठे? या चुका टाळा

'दीर्घ श्वास घेऊन पाहिला, पण तलफ काही गेली नाही,' असे सिगारेट सोडू पाहणारे अनेकजण सांगतात. त्यांचा अनुभव खरा असतो. मात्र दोष बहुधा शिथिलीकरणाच्या, म्हणजे श्वास आणि स्नायूंच्या साहाय्याने शरीर-मन शांत करण्याच्या, तंत्राचा नसून ते कधी आणि कसे वापरले याचा असतो.

सर्वांत महागात पडते ती चूक म्हणजे पहिला प्रयोगच ऐन तलफेच्या क्षणी करणे. शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच अस्वस्थता आणि चिडचिड सुरू होते, आणि हा त्रास साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो. अशा अवस्थेत नवे काही शिकणे कोणालाही जड जाते. म्हणून सोडण्याचा दिवस ठरला की त्याच्या निदान आठवडाभर आधीपासून, मन शांत असताना, रोज दहा-पंधरा मिनिटे सराव करावा.

दुसरी चूक श्वासाची आहे. घाईघाईने मोठमोठे श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोके हलके वाटते, बोटांना मुंग्या येतात आणि सिगारेट सुटल्यामुळेच हे होत आहे अशी समजूत होऊन माणूस घाबरतो. श्वास नाकाने, सावकाश, पोट हलकेच फुगेल असा घ्यावा आणि सोडताना त्याहून अधिक वेळ लावावा. चार अंक मोजत घेतला तर सहा अंक मोजत सोडावा. चक्कर वाटली तर मोजणे थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. तिच्यात लोक आवळण्यावर भर देतात, अगदी दुखेपर्यंत, आणि लगेच पुढच्या स्नायूकडे वळतात. खरे काम सैल सोडल्यानंतर होते. मूठ पाच-सात सेकंद बेताने आवळावी, मग वीसेक सेकंद हात सैल ठेवून दोन्ही अवस्थांतला फरक नीट जाणून घ्यावा. पुढे खांदे, जबडा, कपाळ.

तलफ पुसून टाकणे हे शिथिलीकरणाचे काम आहे, ही अपेक्षाही घातक ठरते. तलफेची एकेक लाट बहुतेकदा काही मिनिटांत चढते आणि ओसरते. तेवढा वेळ सिगारेट न पेटवता निघून जावा, एवढेच साधायचे असते. दर दोन श्वासांनी 'गेली का?' असे तपासत राहिल्यास लक्ष तिच्यावरच खिळते. शिवाय पाकीट समोर ठेवून किंवा धुरात बसून हा प्रयत्न करू नये. आधी जागा सोडावी, मग श्वासाकडे वळावे.

शिथिलीकरण करायचे म्हणून निकोटीनचे च्युइंगगम किंवा पॅच नाकारणे मला मुळीच पटत नाही. शरीराची निकोटीनची गरज केवळ श्वासाने भागत नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही उपाय एकत्र वापरता येतात.

सर्व नीट करूनही छातीत धडधड आणि बेचैनी राहत असेल तर कॉफीचे कप मोजावेत. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करते; धूर थांबल्यावर हा वेग मंदावतो आणि पूर्वीइतकीच कॉफी अधिक चढते. काही औषधांच्या बाबतीतही असेच घडते. त्यामुळे नियमित औषधे घेणाऱ्यांनी सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.