एडिट केलेल्या व्हिडिओचा एक्स्पोर्ट दर वेळी ६३ टक्क्यांवरच अडतोय?
मग सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. दोष बहुधा टाइमलाइनमध्ये त्याच जागी असतो. १० मिनिटांचा व्हिडिओ असेल, तर ६ मिनिटे १८ सेकंदांच्या आसपास बघा. तिथला इफेक्ट काढा, इन-आउट पॉइंट (सुरुवात-शेवटाच्या खुणा) लावून तेवढेच २० सेकंद एक्स्पोर्ट करून पाहा. तरीही अडलं, तर क्लिपवर संशय घ्या. मोबाइलच्या क्लिपचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) अनेकदा कमी-जास्त होत असतो. हँडब्रेक या मोफत व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये ३० फ्रेम आणि ‘कॉन्स्टंट’ निवडून नवी फाइल काढा, तीच टाइमलाइनवर बसवा.

टक्का दर वेळी वेगळा असेल, तर हार्डवेअर एन्कोडिंग (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ फाइल बनवून घेणं) बंद करून बघा. वेळ जास्त लागेल. फाइल ४ जीबीला तुटत असेल, तर पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ आहे का ते तपासा; त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.