मासळीसाठी रोख पाकीट

किराण्याची यादी असते, विजेच्या बिलाचा अंदाज असतो. निसटतो तो मासळीचा खर्च. टोपलीत ताजी सुरमई दिसली की क्यूआर कोड स्कॅन करायला कितीसा वेळ लागतो? म्हणून निदान या एका खर्चासाठी कार्ड आणि फोन बाजूला ठेवा. महिन्याची रक्कम ठरवून चार पाकिटांत भरा, आठवड्याला एक. नोटा पन्नास-शंभरच्याच घ्या. पाचशेची मोडली की उरलेली कुठे जाते कळत नाही. घासाघीसही जमते. ‘मावशी, दोनशेच आणलेत, बांगड्याचा वाटा लावा’ म्हटलं की पापलेट आपोआप मागे पडतं. तसंही तिखल्याला बांगडाच बरा!

पाकिटात उरलेले पैसे पुढच्या आठवड्यात मिसळू नका, वेगळ्या डब्यात टाका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी महागते. मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, त्या डब्यातून सुकट, सुके बोंबील घेऊन नीट वाळवून भरून ठेवा.

वीज, गॅस मात्र ऑनलाइनच भरा. तिथे हात सैल सुटायचा प्रश्नच नसतो.