पाळी गेल्यावरचा कोरडेपणा: क्रीम नीट कसं लावायचं

पाळी जाऊन मला पाच वर्षं झाली. अंगातून निघणाऱ्या वाफा हळूहळू कमी झाल्या, खालचा, योनीतला कोरडेपणा मात्र वाढतच गेला. संबंधाच्या वेळी आत ब्लेड फिरल्यासारखं व्हायचं, एरवी लघवीला जळजळ. नवऱ्याला वाटायचं, मी टाळतेय. टाळतच होते की!

डॉक्टरांकडे दोनदा जाऊन ‘कंबर दुखते’ सांगून परत आले. तिसऱ्यांदा चिठ्ठीच लिहून नेली: ‘आत कोरडं पडतं, संबंध दुखतात, लघवीला आग होते.’ टेबलावरून सरकवली, सुटले. तुम्हीही तसंच करा. गर्भाशय आहे की काढलंय, स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हेही त्यातच लिहा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून डाग जरी गेला, तरी क्रीमचं नाव काढू नका, आधी तपासून घ्या.

वाफांनी झोप उडाली असेल तर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या किंवा त्वचेवर लावायचं जेल देतात. तो अख्ख्या शरीराचा उपचार. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. माझं दुखणं तेवढ्या जागेपुरतं, म्हणून मला इस्ट्रिओलचं, म्हणजे सौम्य इस्ट्रोजेनचं, क्रीम दिलं. ते रक्तात फारच थोडं उतरतं. पण ट्यूबसोबतच्या कागदावर कॅन्सर, गुठळ्या असलं काय काय वाचलं आणि ट्यूब गेली कपाटात, पैठणीच्या मागे. नंतर डॉक्टरांनी समजावलं: ही भीती मुख्यतः 2002 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आलेली, आणि तो होता पोटात घ्यायच्या गोळ्यांचा. त्यातल्या बायकांचं सरासरी वयच 63, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या.

आता लावायचं कसं ते. रात्री झोपताना लघवी करून या, हात साबणाने धुवा. क्रीमसोबत आलेली नळी ट्यूबच्या तोंडावर फिरवून बसवा आणि खुणेपर्यंतच भरा. माझ्या नळीत तेवढं अर्धा ग्रॅम बसतं. जास्त भरून गुण लवकर येत नाही. उताणं झोपून गुडघे वर घ्या, नळी अलगद आत सरकवा, दांडा हळू दाबा. तोंडाशी चिरा पडल्या असतील तर डॉक्टरांना विचारून बोटाने थोडं तिथेही लावा. नळी कोमट पाण्याने धुवा. मी उकळत्या पाण्यात टाकली होती, वाकडी झाली.

मला पहिले दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा सांगितलंय. आठ दिवसांत काहीच फरक नाही म्हणून मी मध्येच सोडलं, तो शुद्ध मूर्खपणा. आग थांबायला तीन आठवडे लागले, संबंध सुसह्य व्हायला जवळजवळ तीन महिने. बंद केलं की कोरडेपणा परत येतो.

संबंधाच्या आधी मात्र हे क्रीम वंगण म्हणून लावू नका. त्यासाठी पाण्यावर आधारलेलं जेल वेगळं मिळतं. खोबरेल चालतं, पण कंडोम वापरत असाल तर नको, तो फाटतो.

माझे वार सोमवार आणि गुरुवार. गुरुवारी जेवण झालं की नवराच विचारतो, “आज तुझं औषध ना? मग मी बातम्या बघत बसतो.”