कॅलेंडरच्या चौकटीतली शुगर

संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी सोलापुरात मधुमेही रुग्णांच्या घरगुती नोंदींसाठी मोबाइल अ‍ॅप तयार करण्याच्या कामात आले, तेव्हा मोजमाप अचूक झाले आणि आलेख देखणा निघाला की आपले काम संपले, अशी माझी समजूत होती. ती कुठे चुकली, हे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते.

अशोक चौक परिसरात विड्या वळणाऱ्या एका मावशींकडे मी नियमित जात असे. घरात बोलणे तेलुगूत, लिहिणे मराठीत. सूप मांडीवरून बाजूला ठेवून त्या बोट टोचून घेत आणि यंत्रावरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लिहीत. त्याच चौकटीत दुधाचा हिशेब असे आणि त्या दिवशी किती विड्या झाल्या तेही असे. हजाराचा आकडा गाठायचा म्हणून दुपारचे जेवण टळले आणि रात्री उशिरा भाकरी पोटभर खाल्ली, की सकाळची शुगर चढते, हे त्यांनी त्या चौकटींवर बोट फिरवत मला समजावून सांगितले. आमच्या अ‍ॅपमध्ये तारीख आणि आकडा एवढ्याच जागा होत्या.

पहिल्या आवृत्तीत आम्ही १८०च्या वरचा आकडा लाल रंगात दाखवत होतो. काही आठवड्यांनी मावशींच्या नोंदी एकदम चांगल्या दिसू लागल्या आणि मला आनंद झाला. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘लाल आलं की सून बोलते, म्हणून जड जेवण झालं की टोचतच नाही.’ घरात फोन एकच होता आणि तो बहुतेक वेळ मुलाकडे असायचा. म्हणजे त्यांचा आकडा त्यांच्याआधी घरादाराला दिसत होता. आम्ही रंग काढला, आकड्याशेजारी दोन शब्द लिहिण्याची किंवा बोलून नोंदवण्याची सोय केली आणि नोंद कुणाला दिसावी हे ठरवणे त्यांच्याकडे दिले. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा संमती मागतो, पण संमती म्हणजे काय हे त्या घरात बसून, त्यांच्या बोलीत सांगितल्याशिवाय कळत नाही.

अभ्यासाच्या बाबतीत, यंत्राची मर्यादा आधी शिकून घ्या. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रति डेसिलिटर १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक पातळीला ९५ टक्के मोजण्या प्रयोगशाळेतील मूल्याच्या १५ टक्के आत असल्या तरी चालते. त्यामुळे काल १४० आणि आज १५० आले, तर ‘शुगर वाढली’ असा बाण दाखवणे हे रुग्णाला विनाकारण घाबरवणे आहे. तीन महिन्यांच्या चाचणीचा (एचबीए१सी) आकडा वेगळाच असतो: शुगर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून तो सरासरी सांगतो, आणि ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४. उपाशीपोटी घेतलेले रोजचे आकडे चांगले आणि ही चाचणी मात्र वाईट, असे दिसले तर जेवणानंतरच्या नोंदी तपासाव्या लागतात. अ‍ॅपने हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर रुग्णालाही डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो.

इयान ली, अनिंद डे आणि जोडी फॉरलिझी या संशोधकांनी २०१० मध्ये स्वतःच्या नोंदी ठेवून त्या वापरण्याचे तयारी, संकलन, एकत्रीकरण, चिंतन आणि कृती असे पाच टप्पे मांडले. ते जरूर वाचा, नावे देण्यासाठी ते उपयोगी पडतात. पण डॅनियल एपस्टीन आणि सहकाऱ्यांची २०१५ची मांडणी मला इथल्या घरांच्या अधिक जवळची वाटते, कारण नोंदी मध्येच थांबणे आणि पुन्हा सुरू होणे हा त्यांनी वापराचाच भाग मानला आहे. लगीनसराईत महिनाभर वही बंद राहिली, तर अ‍ॅपने ते अपयश म्हणून मोजू नये.

मावशी आता आकड्याशेजारी शब्द लिहितात. जानेवारीतल्या एका नोंदीत २१२च्या पुढे ‘गड्ड्याला गेले, तिळगूळ’ असे आहे (गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा), आणि गोळी वाढवण्याचा विचार करण्याआधी डॉक्टरांनी ती ओळ वाचली.